म्हादूसाहेबाची कारकीर्द

मी आयुष्यात एकाच परदेशी मुत्सद्द्याला जवळून पाहिलं आणि तेवढ्यावर माझी हौस भागली. त्याचं नाव मादिस. एस्टोनिया नावाच्या देशाचा. हा देश नेमका कुठे आहे, ते जव्हारच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मला त्याला भेटायच्या आदल्या संध्याकाळी नकाशात शोधावं लागलं. वर, उत्तरेला, रशियाला खेटून, बाल्टिक समुद्राच्या काठावर. तो तेव्हा दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीत दोन नंबरचा अधिकारी होता. पुढे त्याच्या देशात खासदार झाला, मग मंत्री झाला, मग मंत्रिपद गेलं, आणि आता पुन्हा कसल्याशा निवडणुकीला उभा आहे म्हणे. या सगळ्या प्रवासाला मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्याचा हातभार लागलेला आहे. पाड्याला त्यातलं काही मिळालं नाही, तो भाग वेगळा.

मोठ्या हुद्द्याच्या माणसाला आपण 'ते' म्हणतो. मीही सुरुवातीला म्हणायचे. नंतर सोडलं.

आमच्या शेजारी सुमनताई राहतात. त्यांची एक छोटी संस्था आहे; गावोगावच्या बाळंतिणी, कुपोषित मुलं, पाणी असं त्यांचं काम चालतं. कुणीतरी दिल्लीत त्यांचं नाव सुचवलं आणि एक दिवस त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "अगं, तो एस्टोनियाचा माणूस येतोय पाहणीला. वकिलातीकडे छोट्या कामांसाठी थोडा पैसा असतो म्हणे. माझं इंग्रजी तुला माहीतच आहे. चल ना दुभाषी म्हणून." मी गेले. पुढची दोन-अडीच वर्षं, तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा तेव्हा गेले.

पहिल्या भेटीत कुणीही त्याच्यावर लुब्ध व्हावं, असाच तो होता. उंच, पिंगट केसांचा, पन्नाशीच्या अलीकडचा. हात मिळवताना समोरच्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, डोळ्यांत बघायचा आणि नाव विचारून ते तीन वेळा म्हणायचा. "गंगाराम. गंगाराम. गंगाराम." मग ते नाव कायमचं त्याचं. सहा महिन्यांनी परत आला तर पाड्यावरच्या एकेका माणसाला नावाने हाक मारी. बायका हरखून जायच्या. जव्हारचे साहेब लोक वर्षानुवर्षं "ए मावशी" म्हणतात, आणि हा सातासमुद्रापलीकडचा माणूस 'चांगुणा' म्हणतो! ही विद्या आहे, माया नव्हे, हे कळायला मला फार वेळ लागला.

पाड्यानेही त्याचं नाव आपल्या जिभेवर बसवून घेतलं होतं. 'मादिस' कुणाला म्हणता येईना. गंगारामबाबा, म्हणजे पाड्यातला वडीलधारा, ज्याच्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नसे, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "मादिस काय, म्हादूच बोल ना." झालं. तो म्हादूसाहेब झाला. याचा त्याला केवढा आनंद! दिल्लीत, पार्ट्यांमध्ये, तो हे नाव पदकासारखं मिरवत असे, असं त्यानेच मला सांगितलं.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आम्ही छोटा देश आहोत." हे वाक्य तो कुठेही वापरायचा. खोडाळ्याच्या बाजारात गर्दी बघून म्हणायचा, आमच्या अख्ख्या देशात ठाण्याइतकीही माणसं नाहीत, आम्ही छोटा देश आहोत. आमच्याकडे माणूस घरबसल्या कॉम्प्युटरवर मत देतो, कारण आम्ही छोटा देश आहोत. कुणी पैशाचा विषय काढला की हात पसरून म्हणायचा, काय करणार, आम्ही छोटा देश आहोत. कौतुक हवं असलं की देश छोटा, अंग काढून घ्यायचं असलं तरी देश छोटा. एवढा सोयीचा देश मी दुसरा पाहिला नाही.

घाटात गाडी वळणं घेत असायची आणि तो मागच्या सीटवरून आपली कारकीर्द सांगायचा. त्याचा देश रशियाच्या तावडीतून सुटला तेव्हा जुने अधिकारी सगळे संशयातले, त्यामुळे कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं थेट मोठ्या खुर्च्यांवर बसली. त्यातला हा एक. पहिल्या परदेशी बैठकीला गेला तेव्हा अंगावर मामाचा कोट होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या म्हणून पूर्ण वेळ हात पाठीमागे बांधून उभा राहिला, आणि लोकांना वाटलं, काय रुबाब आहे पोराचा! हा किस्सा तो फार सुंदर सांगायचा. मी खळखळून हसले होते. नंतर विचार करताना माझ्या लक्षात आलं, की त्या बैठकीत काय ठरलं, हे त्याने सांगितलंच नव्हतं. कुठल्याही बैठकीत काय ठरलं, हे त्याने कधीच सांगितलं नाही. हेलसिंकी, ब्रसेल्स, आणखी कुठे कुठे त्याच्या नेमणुका झाल्या, आणि प्रत्येक गावाची आठवण एकच: तिथे लोकांना तो कसा दिसला.

पहिल्यांदा तो पाड्यावर आला तो कॉम्प्युटर देऊ करायला. एक खोली, चार मशिनं, छपरावर सौर पॅनल, असा त्याचा बेत. त्याने समजावून सांगितलं, मी मराठीत सांगितलं. गंगारामबाबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, त्याला विचार, ते पानी वर चढवतं का?"

मी विचारलं. मादिस इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "किती मार्मिक! किती मार्मिक!" गंगारामबाबा हसला नव्हता. तो विनोद करत नव्हता. कॉम्प्युटरचा विषय तिथेच राहिला.

पाण्याचं दुखणं असं होतं. गंगारामबाबाचा वरचा पाडा डोंगराच्या खांद्यावर, खालचा पाडा उताराच्या पायथ्याला. झरा दोघांच्याही खाली, खडकांच्या घळीत. पावसात इथे आभाळ फाटतं, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, डोळे भरून पिकते, आणि होळी सरली की वरच्या पाड्यातल्या बायका हंडे घेऊन घळीत उतरायला लागतात. उतरताना रिकामा हंडा आणि चढताना भरलेला. खडक गुळगुळीत झालेले. चांगुणा, म्हणजे गंगारामबाबाची सून, तेव्हा पस्तिशीची असेल. तिने मला ती वाट दाखवली होती. मी अर्ध्यातून परत फिरले.

पुढच्या एका दौऱ्यात मादिस मात्र पूर्ण उतरला. तेवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. खाली जाऊन झऱ्याशी बसला, चांगुणाचा फोटो काढला, हंडा डोक्यावर, मागे काळा कातळ. वर आल्यावर अंगणात मांडी घालून बसला. त्याला मांडी घालता येत नसे, गुडघे कानाशी यायचे, तरी बसायचा. चांगुणाने नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढे ठेवली. त्याने भाकरी हातात घेऊन वास घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ही माझ्या आजीची भाकरी आहे. आमच्याकडची भाकरी अशीच काळी असते." मी ते सांगितलं तेव्हा चांगुणाच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते मला अजून दिसतं. तिने आत जाऊन आणखी एक भाकरी आणली.

त्याच बैठकीत त्याने शब्द दिला. ड्रायव्हरकडून त्याने दोन मराठी शब्द उचलले होते, आणि ते तो बोट वर करून, गाणं म्हणावं तसे म्हणायचा: "होऊन जाईल." पाणी वर चढवायला पंप, टाकी, नळ, असं सगळं बोलणं झालं आणि तो म्हणाला, "होऊन जाईल."

गंगारामबाबा माझ्याकडे वळला. "बाई, हे सगळे साहेब बोलतात. हा पक्का बोलला का, तू इचार त्याला."

मी इंग्रजीत विचारलं, अगदी स्पष्ट शब्दांत. म्हटलं, हे लोक विचारतायत की हे नुसतं बोलणं आहे की वचन. त्याने छातीवर हात ठेवला. "वचन. माझ्या आजीची शपथ." मी तसंच्या तसं मराठीत सांगितलं. गंगारामबाबाने मान हलवली. शपथ म्हटल्यावर त्या पाड्यात पुढे विचारायचं काही उरत नाही.

आता आजीबद्दल सांगायला हवं.

त्याच दौऱ्यात, परतताना, आम्ही शिरपामाळला थांबलो. सुरतेच्या वाटेवर महाराज तिथे थांबले होते, असं आमच्याकडे सांगतात. पाहुणा आला की आम्ही त्याला तिथे नेतोच. सूर्य कलला होता. मादिस कठड्याशी उभा राहिला. आणि अचानक बोलायला लागला. त्याच्या आजीला एका पहाटे सैनिकांनी घरातून उचललं, मालगाडीत कोंबून सैबेरियात पाठवलं. बरोबर नेता आलं ते शिलाई मशीन आणि एक भाकरी. "एक शिलाई मशीन..." असं म्हणून तो थांबला, उजवीकडे दरीत बघत राहिला, आणि मग म्हणाला, "परत आल्यावर ती कधीही दाराकडे पाठ करून बसली नाही."

मला रडू आलं. वाटलं, या माणसाला कळतं. इतकं सोसलेल्या घरातला माणूस कुणाला फसवणार नाही.

दुसऱ्या दिवशी रेस्ट हाऊसवर तालुक्यातल्या अधिकाऱ्यांबरोबर त्याचं जेवण होतं. मीही होते. जेवण संपत आलं, बडीशेप फिरत होती, आणि कुणीतरी त्याच्या देशाबद्दल विचारलं. त्याने नॅपकिन खाली ठेवला. पहाट, सैनिक, मालगाडी. "एक शिलाई मशीन..." तो थांबला. उजवीकडे बघत राहिला. शिरपामाळला उजवीकडे दरी होती. इथे उजवीकडे फ्रिज होता. तो फ्रिजकडे तितकाच वेळ, तितक्याच ओल्या नजरेने बघत राहिला, आणि मग आजी दाराकडे पाठ करून बसली नाही. टेबलाभोवती सगळे गलबलले होते. माझ्या तोंडातली बडीशेप एकदम कडू लागली.

आजी खरी असणार, याबद्दल मला शंका नाही. तसलं दुःख कुणाला बसल्या जागी रचता येत नाही. पण त्या बिचारीने सैबेरियात जे भोगलं, ते तिचा नातू हॉटेलात आणि रेस्ट हाऊसात जेवणानंतर वाटत फिरत होता. तेव्हापासून मी त्याला मनातल्या मनात 'तो' म्हणायला लागले.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत जे घडलं, त्यात त्याचा हात दिसत नाही, आणि तरी ते पूर्णपणे त्याच्यामुळे घडलं. सुमनताईंच्या संस्थेला एका देणगीतून एक पंप आणि एक टाकी मिळाली. एकच. वरचा पाडा किंवा खालचा पाडा. गरज वरच्याला जास्त, हे खालचेही मान्य करत. दोन्ही पाड्यांची मिळून बैठक झाली, मी मुद्दाम गेले होते. गंगारामबाबा उठला. म्हणाला, "आमाला म्हादूसाहेब देनार आहे. शपथ घेतली त्याने. एका पाड्याला दोन टाक्या कशाला? हे खालच्यांना द्या."

सुमनताईंनी त्याला बाजूला घेतलं. "बाबा, त्याचं अजून काही आलेलं नाही. आधी हे घ्या. त्याचं आलं तर ते खाली देऊ."

बाबाला राग आला. "मंग त्याच्या शपथेला आमी खोटी बोललो असं होईल ना, ताई."

टाकी खालच्या पाड्याला गेली. वरच्या पाड्यातल्या माणसांनीच ती बसवायला दगड वाहिले.

मी त्याच रात्री मादिसला ईमेल केली. उत्तर लगेच आलं, उबदार, चार ओळींचं, सगळ्यांना नावानिशी नमस्कार. नंतरच्या ईमेलला उत्तर दोन ओळींचं आलं. त्याच्या नंतरच्याला यंत्राने उत्तर दिलं, की हे गृहस्थ आता या पदावर नाहीत. वर्तमानपत्र चाळल्यासारखं इंटरनेट चाळलं तेव्हा कळलं, की तो नोकरी सोडून मायदेशी गेला आहे आणि निवडणुकीला उभा राहतो आहे. त्याच्या जागी आलेल्या बाई फार सभ्य होत्या. त्यांनी सगळे कागद शोधले आणि फोन करून सांगितलं, की अशा कुठल्या टाकीचा विषय आमच्याकडे कधी मांडलाच गेलेला नाही. त्या बाईंना खरंच वाईट वाटलं होतं. वकिलातीला काय दोष द्यायचा? शब्द ज्याने दिला, त्याने तो दारापर्यंतही नेला नव्हता. पाड्यावर 'होऊन जाईल' म्हणतानाच त्याच्यापुरतं ते होऊन गेलं होतं.

पहिला उन्हाळा पाड्याने वाट बघण्यात काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात चांगुणा घळ चढताना भरल्या हंड्यासकट घसरली. खुबा मोडला. डोलीतून खाली, तिथून जीपने, मग नाशिकला. ती चालायला लागली, पण एक पाय ओढत. भात लावायला ती पुन्हा वाकू शकली नाही. दवाखान्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "बाई, त्याची आजी मेली असंल का गं? शपथ मोडली तं मानूस मरतं ना."

मी म्हटलं, "ती आधीच मेलेली होती, चांगुणा."

"हां," ती म्हणाली. "मंग बराय. तिला त्रास नाय."

त्या दिवशी घरी येऊन मी त्याचा नंबर मिळवला आणि फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं, पण त्याने उचलला; माझं नाव ऐकताच ते तीनदा म्हटलं. मी सगळं सांगितलं. तुझ्या शब्दावर विसंबून त्यांनी हातात आलेली टाकी शेजाऱ्यांना देऊन टाकली. चांगुणा पडली. पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं, लागलं याला. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "किती मोठ्या मनाची माणसं आहेत ही. मला सगळं नीट सांग. आधी कोण उठलं, गंगाराम? काय म्हणाला, शब्दशः?"

मी मूर्खासारखं नीट सांगितलं. वाटलं, ऐकतोय म्हणजे काहीतरी करेल.

त्याने केलं. त्याचं ते भाषण एस्टोनियात गाजलं, असं म्हणतात. मी इंटरनेटवर पाहिलं, खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मोठं सभागृह. मागच्या पडद्यावर चांगुणा, डोक्यावर हंडा, मागे काळा कातळ. आणि पुढे मादिस, हात पाठीमागे बांधून. "मला भारतातलं एक गाव माहीत आहे. त्या गावाला पाणी मिळत होतं, आणि त्या गावाने ते शेजाऱ्याला देऊन टाकलं. एक वृद्ध माणूस उठला आणि म्हणाला, आम्हाला दोन कशाला? मित्रांनो, तो गंगाराम माझा गुरू आहे." टाळ्या. लोक उभे राहिले. त्या गावाने टाकी का सोडली, हे वाक्य भाषणात नव्हतं. शपथ नव्हती. मोडलेला खुबा नव्हता. बाकी सगळं शब्दशः होतं. मीच तर सांगितलं होतं.

तो निवडून आला. पुढे मंत्रीही झाला. आमच्या स्टाफरूममध्ये बातमी पोचली तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तुमची तर ओळख आहे!" मी चहाचा कप धुवायला उठून गेले.

पाड्याचं पाणी शेवटी आलं ते असं. खालच्या पाड्यातल्या लोकांना चांगुणाच्या पडण्याची लाज वाटत होती. त्यांनी काही केलं नव्हतं, तरी. त्यांच्यातली पोरं भिवंडीला पाइपच्या गोदामात कामाला होती. त्यांनी जुने पाइप जमवून आणले. दोन्ही पाड्यांनी मिळून चर खणला. सुमनताईंनी मोठा पंप मिळवण्यासाठी जव्हार-पालघर अशा किती खेपा घातल्या, ते त्यांनाच ठाऊक. आणि एका उन्हाळ्यात चांगुणाच्या अंगणात नळ आला. दिवसातून थोडा वेळ, पण आला. गंगारामबाबा तो पाहायला नव्हता. तो आदल्या थंडीत गेला. शेवटपर्यंत त्याने म्हादूसाहेबाबद्दल वाईट शब्द काढला नाही. त्याचा विषय निघाला की उठून अंगणात जायचा, एवढंच.

गेल्या वर्षी मादिस परत आला. मंत्रिपद गेलं होतं. पक्ष बदलला होता. तो म्हणाला, पक्षानेच जागा बदलली, मी तिथेच उभा आहे. बरोबर कॅमेरावाला आणि एक तरुण मुलगी होती, तिच्या हातात केसाळ माइक. त्याच्या आयुष्यावर फिल्म करत होते. त्याने मला हॉटेलातून फोन केला. "माझी भाषा तूच आहेस," म्हणाला. मी नाही म्हणणार होते. सुमनताई म्हणाल्या, "जा. तू नाही गेलीस तर तिथे कोण काय बोललं, ते तोच ठरवेल." म्हणून गेले.

केस पांढरे झाले होते, पण हात तसेच. गाडीतून उतरताच त्याने पाड्यावरच्या माणसांना नावाने हाका मारल्या. एकही नाव चुकलं नाही. माणसं आली, उभी राहिली. "गंगाराम?" त्याने विचारलं. मी म्हटलं, गेला. त्याने डोळे मिटले. मुलीने माइक जवळ नेला.

मग त्याला नळ दिसला. त्याचा चेहरा उजळला. खरा आनंद होता तो. मला तर वाटतं, त्या क्षणी त्याला मनापासून वाटलं असेल की हा आपणच दिला. त्याने कॅमेरावाल्याला त्यांच्या भाषेत काही सांगितलं, हाताने दाखवलं: इथे मी, इथे नळ, मी वाकून ओंजळ धरतो. तो वाकला. ओंजळ धरली.

चांगुणा पाय ओढत दारातून आली. तिने नळ बंद केला नाही, तो बंदच होता. ती त्याच्या आणि नळाच्या मधे येऊन उभी राहिली.

"बाई, त्याला सांग, याचा फोटो नाय काढायचा."

मी सांगितलं. तो हसला. "का? मी आनंदात आहे. पाणी आलं!"

"हे खालच्यांनी दिलं," चांगुणा म्हणाली. "चर आमी खनला. याने काय दिलं, ते मी उभ्या उभ्या दाखवते, पाय बघ म्हनावं. काढ त्याचा फोटो."

मी एकही शब्द गाळला नाही. माइकवाल्या मुलीला इंग्रजी येत होतं. तिने माइक हळूहळू खाली घेतला आणि मादिसकडे बघायला लागली. तो काहीतरी बोलायला गेला. मी वाट बघत होते, की आता देश छोटा होईल. पण त्याने खिशातून रुमाल काढला आणि कोरडेच हात पुसले.

चांगुणा घरात गेली आणि पितळी तांब्या भरून घेऊन आली. त्याच्यापुढे धरला.

"दारात आला तं पानी देतो आमी. कुनालाही देतो. उन्हाचा आलास, पी. पन ते यंतर खाली ठेव."

कॅमेरावाल्याने कॅमेरा जमिनीवर ठेवला. मादिसने तांब्या दोन्ही हातांत घेतला. सगळा पाडा बघत होता. त्याने पाण्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, पुन्हा पाण्याकडे. तांब्या ओठांपर्यंत नेला, ओठांना लावला नाही. मग हळूच ओट्याच्या कडेला ठेवला, आणि गाडीकडे वळून त्या मुलीला काहीतरी म्हणाला. तिने बॅगेतून सीलबंद बाटली काढून त्याला दिली. झाकण फोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

मी त्यांच्या गाडीत बसले नाही. खोडाळ्याहून एसटीने येईन म्हटलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला, पण या वेळी नाव एकदाच म्हटलं.

गाडी उताराला लागली. वळणावर खिडकीची काच खाली झाली, आणि त्याचा हात बाहेर आला, डावीकडून उजवीकडे, सभेतल्या लोकांना करतात तसा. अंगणात कुणी नव्हतं. माणसं आपापल्या कामाला पांगली होती. चांगुणाने तांब्यातलं पाणी कोंबड्यांच्या मातीच्या परळात ओतलं होतं, आणि कोंबड्या ते माना वर करकरून पीत होत्या.